साडेपाच तासांचा हिशेब

या वेळचं पत्र साताऱ्याकडच्या एका वाचकाचं आहे, वय ३९, नोकरीला पुण्यात. पत्र मोठं होतं, मी काटछाट करून देतेय.

"सिस्टर, माझे बाबा (७१) मार्चमध्ये गेले. पित्ताशयातल्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली होती. आधी तालुक्याच्या हॉस्पिटलमध्ये ८ दिवस, मग पुण्यात आयसीयू. शुगर वीस वर्षांची, किडनी आधीच कमजोर, तिथे डायलिसिस लागलं, व्हेंटिलेटर लागला. अकराव्या दिवशी, सोमवारी पहाटे ३ ला थंडी वाजून ताप आला, बीपी पडलं. रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेऊन लगेच मेरो (मेरोपेनेम, जोरदार अँटिबायोटिक) चालू केलं, रात्री सोबत कोलिस्टिन हे दुसरं अँटिबायोटिक जोडलं. बुधवारी दुपारी ४ वाजता रिपोर्ट आला, क्लेबसिएला नावाचा जंतू, एनडीएम पॉझिटिव्ह, मेरोला दाद देत नाही. डॉक्टर म्हणाले दोन महागडी इंजेक्शनं एकत्र द्यावी लागतील, खर्च असा असा. एफडी मोडायची, बहिणीला विचारायचं, औषध बाहेरून मागवायचं, यात पहिला डोस रात्री साडेनऊला गेला. शनिवारी बाबा गेले. नंतर मी नेटवर वाचलं की अँटिबायोटिकला एका तासाचा उशीर म्हणजे जगण्याची शक्यता ७.६ टक्क्यांनी कमी. साडेपाच गुणिले ७.६, ४२ टक्के होतात. म्हणजे पैशाचा विचार करत बसलो म्हणून बाबा गेले का? दुसरं, मी रोज आत जाऊन त्यांचा हात धरून बसायचो, जंतू माझ्याकडून गेला असेल का? तिसरं, आईचं पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, बहीण म्हणते हॉस्पिटलचं तोंडही बघायचं नाही. काय करू?"

मी ३१ वर्षं आयसीयूत काढली, त्यातली शेवटची बारा इनचार्ज म्हणून. तुला अहो-जाहो करत नाही, माझ्या मोठ्या मुलाच्या वयाचा आहेस.

आधी ते ४२ टक्के. गुणाकार बरोबर आहे पण जागा चुकलीय. तो ७.६ चा आकडा २००६ सालच्या एका अभ्यासातला, कॅनडा-अमेरिकेतल्या पेशंटांचा, आणि तो काय सांगतो तर सेप्टिक शॉकमध्ये (इन्फेक्शनने बीपी कोसळतं तो) बीपी पडल्यापासून पहिल्या ६ तासांत, लागू पडणारं औषध जायला जेवढे तास जास्त तेवढं जगण्याचं प्रमाण खाली. पहिले सहा तास. तुझ्या बाबांचं बीपी पडलं सोमवारी पहाटे ३ ला. तू ज्या साडेपाच तासांवर रडतोयस ते बुधवारी दुपारी ४ ला सुरू झाले, म्हणजे तोवर ६१ तास होऊन गेलेले. तो आकडा उचलून एकसष्टाव्या तासाला चिकटवता येत नाही रे. आणि त्या साडेपाच तासांत बाबा काही औषधाविना पडून नव्हते, कोलिस्टिन सोमवार रात्रीपासून चालूच होतं, ते दुबळं असेल, किडनीला त्रास देणारं असेल, पण या जंतूवर चालण्याची शक्यता असलेलं औषध आहे. (फाईलमध्ये कोलिस्टिनपुढे 'इंटरमिजिएट' लिहिलेलं दिसलं तर दचकू नको, अमेरिकन लॅबच्या नियमावलीत २०२० पासून कोलिस्टिनला 'सेन्सिटिव्ह' (म्हणजे लागू पडतं) असा शेराच ठेवलेला नाही.)

साडेपाच तासांनी शून्य फरक पडला असं मी लिहून देणार नाही. तसं कुणालाच सांगता येणार नाही आणि मी उगाच गोड बोलले तर तुला ते कळेल. पण खरा उशीर कुठे झाला बघ. पहाटे ३ ला रक्त काढून बाटलीत घातलं, बाटली मशीनमध्ये गेली, जंतू वाढून मशीनने 'पॉझिटिव्ह'चा इशारा द्यायला बारा-पंधरा तास, मग काचपट्टीवर बघून 'ग्राम निगेटिव्ह आहे' एवढं संध्याकाळी कळतं (म्हणून रात्री कोलिस्टिन आलं), मग तो प्लेटवर वाढवायचा, मग कुठल्या औषधाला मरतो ते बघायचं, झाला बुधवार. यात कुणी झोपा काढत नव्हतं, जंतू आपल्या वेगाने वाढतो, त्याला काय सांगणार. हे सगळं होईपर्यंत डॉक्टर अंदाजाने औषध देतात, आणि अंदाज चुकतो तेव्हा पेशंटच्या अंगात औषध असतं पण जंतूला त्याचं काहीच वाटत नसतं. रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये माणसं जास्त दगावतात त्याचं मोठं कारण हेच, जंतू जास्त विषारी असतो असं नाही, योग्य औषध पोचायला उशीर होतो आणि पोचतं ते बरेचदा दुय्यम असतं.

आता बाबांचं काय होतं. डॉक्टर लोक अशा इन्फेक्शनसाठी एक मार्कांचा हिशेब मांडतात, २०१६ साली प्रसिद्ध झालाय, मेरोसारख्या औषधांना फोडून टाकणाऱ्या जंतूंचं रक्तात इन्फेक्शन झालेल्या पेशंटांसाठीच बनवलेला. इन्फेक्शन सुरू होतानाच शॉक असेल तर ५. पेशंटची त्या वेळची अवस्था, म्हणजे ताप, बीपी, व्हेंटिलेटर, शुद्ध यांचा वेगळा स्कोअर असतो, तो ६ किंवा वर गेला तर ४. आधीचे आजार ठराविक वजनापलीकडे असतील, उदाहरणार्थ किडनी खराब करून बसलेली शुगर, तर ३. आणि जंतू रक्तात शिरला कुठून, तर लघवीच्या किंवा पित्ताच्या मार्गातून शिरला असेल तर शून्य, दुसरीकडून असेल तर ३. एकूण १५. आठ किंवा वर गेलं की धोका मोठा मानतात. आता तूच मांड. बीपी पडलेलं, नॉरॅड (बीपी वर धरणारं औषध) चालू, व्हेंटिलेटरवर, गुंगीत, ताप, वीस वर्षांची शुगर, डायलिसिस, आणि जंतू आला तो बहुतेक पोटातल्या त्या सुजून सडलेल्या स्वादुपिंडातून नाहीतर शिरेत घातलेल्या नळीतून, म्हणजे लाइनमधून. तुझ्या पत्रात लिहिलंय त्यावरून मी मांडलं तर पंधरापैकी पंधरा होतात.

हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, आणि हा हिशेब घरी बसून कुणाचं भविष्य बघायला वापरायचा नाही, पंधरा मार्कांची माणसं चालत घरी गेलेली मी पाहिलीत (थोडी, पण पाहिलीत). सांगायचं एवढंच की या यादीत एफडी कुठेच नाही. सोमवारी पहाटे ३ वाजता, तू पुण्यात घरी झोपलेला असताना, बाबांच्या विरुद्ध पारडं इतकं झुकलेलं होतं. तू बुधवारी हो म्हणालास आणि शनिवारी ते गेले, म्हणून तुझ्या मनाने दोन्ही जोडून टाकलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

आणि जे औषध तू शेवटी दिलंस ते बरोबर होतं. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि सोबत अ‍ॅझट्रिओनाम, हेच असणार. एनडीएमवाल्या जंतूला अ‍ॅझट्रिओनाम फोडता येत नाही, पण त्याच जंतूकडे दुसरी हत्यारं असतात जी अ‍ॅझट्रिओनामला फोडतात, त्या हत्यारांना अ‍ॅव्हिबॅक्टम अडवून धरतं, म्हणून जोडी. इटली-ग्रीसमधल्या १०२ पेशंटांच्या एका अभ्यासात ही जोडी मिळालेल्यांपैकी ३० दिवसांत १९ टक्के गेले, बाकीची औषधं मिळालेल्यांपैकी ४४ टक्के. म्हणजे चांगलं औषध मिळूनही पाचातला एक जातोच.

एनडीएम म्हणजे काय हे तू विचारलं नाहीस पण बहिणीने विचारलं असेल. मेरोसारखी औषधं फोडून टाकणारं, जंतूने बनवलेलं एक रसायन. त्यातलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये तो सापडला आणि शास्त्रज्ञांनी नाव तसं ठेवलं, २०१० साली त्यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता, देशाची बदनामी वगैरे. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पण वाद झालेला, एक डॉक्टर तावातावाने बोलत होते की हे मेडिकल टुरिझम मोडायचं कारस्थान आहे, आणि बोलता बोलता हात न धुता आत गेले. मला ते अजून आठवतं.

आता हाताचा प्रश्न, तुझा दुसरा. तू बाबांचा हात धरलास म्हणून क्लेबसिएला रक्तात गेला, असं होणं फार फार अवघड आहे. हा जंतू आतड्यात राहतो. बाबा आधी ८ दिवस दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये होते, तिथे मेरो चालू होतं असं तूच पुढे लिहिलंयस. जोरदार अँटिबायोटिक आठवडाभर चाललं की आतड्यातले साधे जंतू मरतात, उरतो तो डांबरट, आणि हॉस्पिटलमधून येऊन बसलेला असला तर त्याला मोकळं रान. मग पेशंट अशक्त झाला, आतड्याचं अस्तर कमजोर झालं, किंवा लाइनच्या तोंडाशी तो पोचला, की रक्तात. आणि एका पेशंटकडून दुसऱ्या पेशंटकडे तो जातो कसा, तर बहुतेक वेळा आमच्या हातांवरून. नातेवाइकांच्या नाही, आमच्या.

हे लिहिताना एक सांगून टाकते. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका हॉस्पिटलमध्ये, नाइटला आम्ही दोघी आणि पेशंट अकरा. चार नंबरच्या बेडचं सक्शन करत (नळीने कफ ओढत) होते तेवढ्यात सहा नंबरच्या मॉनिटरने कोकलायला सुरुवात केली, सॅच्युरेशन खाली, मी तेच ग्लोव्हज घालून धावले आणि त्याच हाताने त्याच्या ट्रायवेला (लाइनला जोडलेल्या तोटीला) हात लावला, इंजेक्शन दिलं. सॅच्युरेशन वर आलं. पाच दिवसांनी सहा नंबरच्या कल्चरमध्ये जो जंतू आला तोच चार नंबरच्या थुंकीत होता. माझ्यामुळेच गेला हे सिद्ध करता येणार नाही, पण ग्लोव्हज मी बदलले नव्हते हे मला माहितीय. ग्लोव्हज काढणं, सॅनिटायझर चोळणं, नवीन घालणं, याला अर्धा मिनिट लागतो, आणि लाइनचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने नीट घासायला पंधरा सेकंद. तो अर्धा मिनिट नसतो तेव्हाच नेमका कुणाचं तरी सॅच्युरेशन पडतं. एका सिस्टरमागे किती पेशंट, हे कुठल्याच स्कोअरमध्ये नसतं, पण मला विचारशील तर त्याला मी पाच मार्क देईन.

लाइनचं म्हणजे, मानेत किंवा मांडीत जाड नळी घालतात ती. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंनी मिळून साधी पाच कामं नेमाने करायची ठरवलं, हात धुणं, नळी घालताना पेशंट पूर्ण झाकून गाऊन-मास्कसकट घालणं, क्लोरहेक्सिडिनने कातडी साफ करणं, शक्यतो मांडीची जागा टाळणं, आणि गरज संपली की नळी काढणं. २००६ साली आकडे छापून आले, सगळ्या पेशंटांचे मिळून नळीचे हजार दिवस धरले तर मधोमधच्या आयसीयूत २.७ इन्फेक्शन व्हायची ती शून्यावर आली. यात एकही महाग वस्तू नाहीये. आम्ही ते वाचून पाच ओळींचा कागद भिंतीवर चिकटवला होता, तीन महिने पाळला, मग मुली बदलल्या आणि कागदावर कुणीतरी ड्युटी लिस्ट चिकटवली.

म्हणून तुला राग कुठे धरायचा असेल तर, धरायचाच असेल तर, फाईल मागव. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे, मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, लेखी अर्ज कर आणि पोच घे. त्यात तीन गोष्टी बघ. बाबांच्या मानेतली आणि मांडीतली नळी कुठल्या तारखेला घातली आणि काढली कधी, सोमवारी शॉक आल्यावर बदलली की तशीच ठेवली. दुसरं, पोटातल्या पू-पाण्याचं काय केलं, सोनोग्राफी-सीटी झाला का, निचरा करण्यासारखं काही होतं का, कारण मूळ घाण आत ठेवून औषध ओतत राहणं म्हणजे गळक्या नळाखाली पुसत बसणं. तिसरं, आधीच्या हॉस्पिटलात ८ दिवस मेरो झालेलं आहे ही माहिती पुण्याच्या केसपेपरवर लिहिलेली आहे का. लिहिलेली असेल तर सोमवारी पहाटे परत मेरोवरच भरवसा का ठेवला, कोलिस्टिन तेव्हाच का नाही, हा प्रश्न तू शांतपणे विचारू शकतोस. कदाचित उत्तर मिळेल की किडनी आधीच गेलेली म्हणून हात आखडला, आणि ते उत्तर खोटं नसेल. आणि लिहिलेली नसेल तर पहिल्या हॉस्पिटलच्या डिस्चार्जमध्येच ती नव्हती की वाचली नाही, ते बघ. आमच्याकडे शिफ्ट होऊन येणारे कितीतरी पेशंट नुसत्या 'इंज. अँटिबायोटिक दिले' एवढ्या चिठ्ठीवर यायचे, काय दिलं किती दिलं काही नाही.

भांडायला जा असं मी म्हणत नाही. पण रात्री तीनला उठून गुणाकार करत बसण्यापेक्षा कागद बघितलेले बरे.

बहिणीशी बोलताना अजून एक. २०१९ साली जगात रेझिस्टंट जंतूंच्या इन्फेक्शनसोबत जवळपास ४९.५ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, पण थेट रेझिस्टन्समुळे, म्हणजे साधा जंतू असता तर वाचली असती अशी, १२.७ लाख. हा 'सोबत' आणि 'मुळे'मधला फरक लक्षात घे. बाबा त्या जंतूसोबत गेले हे नक्की. जंतूमुळे किती, स्वादुपिंडामुळे किती, किडनीमुळे किती, हे वाटे घालता येत नाहीत.

आता आई. गुडघ्याचं ऑपरेशन आणि बाबांचा आयसीयू यांची तुलनाच होत नाही. ठरवून केलेलं ऑपरेशन, धडधाकट बाई, दोन-चार दिवसांत घरी, मानेत नळी नाही, व्हेंटिलेटर नाही, आठवडाभर मेरो नाही. जे जे वरच्या हिशेबात होतं त्यातलं जवळजवळ काहीच तिच्या बाबतीत नाही. धोका शून्य नाही, सांध्यात इन्फेक्शन होऊ शकतं आणि झालं तर ते वर्षभर पुरतं, पण म्हणून ती आयुष्यभर जिन्याला घाबरून बसणार का, ते तिला ठरवू दे, तुम्हा दोघांना नाही.

शुगर आहे का तिला, ते लिहिलं नाहीस. असेल तर आधी ती आटोक्यात आण, तारीख पुढे गेली तरी चालेल. अंगावर कुठे गळू, पायाच्या बोटांत चिखल्या, काही असेल तर सर्जनला आधी दाखव, लपवू नका, तारीख हुकेल म्हणून लपवतात बायका. मागच्या सहा महिन्यांत ती स्वतः कुठे ॲडमिट होती का, कुठलं अँटिबायोटिक झालं का, हे न विचारता सांग. ऑपरेशननंतर लघवीची नळी घातली असेल तर रोज सकाळी राउंडला एकच वाक्य, "आज काढता येईल का?" हातातल्या कॅन्युलाचंही तेच. आणि सिस्टर कॅन्युलाला हात लावायच्या आधी सॅनिटायझरकडे बघ, नुसतं बघ, बोलू नको, आम्हाला बरोबर कळतं. ताप आला तर अँटिबायोटिक बदलायच्या आधी कल्चर गेलं का हे विचार. आणि कृपा करून "डॉक्टर, काय असेल ते भारीतलं द्या" हे म्हणू नको. हे वाक्य मी आयसीयूच्या दारात इतक्या वेळा ऐकलंय, प्रेमापोटीच म्हणतात, आणि डॉक्टरपण कधी कधी नातेवाइकांच्या समाधानासाठी देऊन मोकळे होतात, मग खरी गरज पडते तेव्हा भारीतलं काही शिल्लक राहत नाही.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंयस की आई सर्दी झाली तरी बाबांच्या डब्यातली अझिथ्रोची (तेही अँटिबायोटिकच) गोळी घेते, पट्टी अर्धी उरलेली म्हणून. तो डबा आज उचल. पट्टीवर लाल उभी रेघ असेल बघ, ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. बाबांची वस्तू टाकवत नसेल तिला तर डबा राहू दे, गोळ्या काढ.

फाईल हातात आली की कल्चरचा कागद आणि नर्सेस चार्टचं बुधवारचं पान, दोन्हीचे फोटो पाठव. रिपोर्ट कितीला छापला आणि पहिला डोस कितीला चढला त्या दोन्ही वेळा दिसतील असे काढ, चार्टवर सिस्टरची सही असते तिथेच बाजूला वेळ लिहिलेली असते.